चाळीस मिलिमीटर

मिर्ता ओयार्सून आली त्या सकाळी
गॅरेजचं दार दोघांनी धरून लोटावं लागलं.
कोमोदोरोत वारा ही बातमी नसते.
इथली माणसं वाऱ्यावर रेलून उभी राहतात,
तो थांबला तरच धडपडतात.

"खाली घे हिला," ती म्हणाली.
किती?
"पुन्हा माझ्या खिडकीत नुसतं आभाळ दिसणार नाही, इतकी."

मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.
कालेता ओलिव्हियातली रात्रपाळी, जूनमधला पहाटेचा काळोख,
उजवीकडे समुद्र, डावीकडे सगळा पातागोनिया उघडा.
समोरून तेलाचा टँकर आला, शेजारून गेला,
तेवढा वेळ वारा त्याच्या आडोशाला गप्प.
टँकर सरला, आणि अडलेलं सगळं एकदम अंगावर आलं.
डावी चाकं उचलली.
किती वेळ, तिला सांगता येईना.
वॉर्डात ती असले क्षण घड्याळावर मोजते.

तीस वर्षं मी गाड्या उंच करत आलो.
तेलविहिरींवरचे, मेंढ्यांवाले, नुसतेच हौशी,
सगळ्यांना वरच जायचं असायचं.
दोन इंच, तीन इंच. कारण कुणी देत नसे,
मीही मागत नसे.
उंच बसलं की रस्ता आपला वाटतो.
तो वाऱ्याचाही असतो, हे मी कधी बिलात लिहिलं नाही.

जॅकवर घेतली. चाकं काढली.
खाऱ्या हवेनं नट असे धरलेले,
की तेल पाजून एक माते पिऊन होईतो थांबलो.
जुनी स्प्रिंग शिकंज्यात दाबून सोडवली, जपून;
अशाच एकीच्या पोटात कोंडलेला जोर
माझ्या बापाच्या अंगठ्याचं पेर घेऊन गेलाय.
नवी आखूड, जराशी ताठ.
शॉक ऍब्सॉर्बरही तिच्याच मापाचे,
नाहीतर थोरल्याचा कोट धाकट्याच्या अंगात.
मागे जाडसर आडवा दांडा,
वळणावर एक खांदा झुकला तर दुसऱ्यानं ओढून धरावं म्हणून.
चाकांचे कोन जुळवले. दिव्यांची नजरही पुन्हा नेमली,
गाडी बसली की तीही खाली जाते.

मिर्ता बाकावर. रात्रभर जागी, तरी डोळा मिटला नाही.
मी म्हटलं, बूड जड असलं की भांडं कलंडत नाही.
ती म्हणाली, मला सांगतोस?
आणि उठून दाखवलं: गुडघे वाकवून, कंबर खाली,
अशी ती शंभर किलोचा म्हातारा पलंगावरून उचलते.

मग मला तिचा भाऊ आठवला.
सार्मिएंतोच्या पुढे, खडीची वाट, मधोमध उंचवटा.
म्हटलं, फाबियानकडे जाताना पोट खरवडेल.
थोडा वेळ नुसता पत्रा वाजत राहिला.
"चार वर्षं झाली त्याच्याशी बोलून," ती म्हणाली.
"यायचं तर त्यानं यावं खाली."

जाण्याआधी तिनं चाक आणि मडगार्डच्या मधे बोटं घातली.
सकाळी चार मावत होती, आता दोन.
तशीच ठेवली जरा वेळ,
नाडी बघतात तशी.

मी समुद्राच्या रस्त्यानं एक फेरी मारून पाहिली होती.
पश्चिमेकडून झोत आला, गाडी हलली,
पण आपल्या जागेवरच हलली,
मांडी घालून बसलेल्या माणसाला
कुणी खांद्याला धक्का द्यावा तशी.
खड्डे मात्र आता कमरेत कळतात.
हे तिला सांगितलं. म्हणाली, कळू देत.

सातव्या आठवड्यात परत आली, फक्त तेल बदलायला.
मी खाली सरकलो.
इंजिनाखालच्या पत्र्यावर लांबच लांब ओरखडा, ताजा, चकचकीत,
आणि एका बोल्टला अडकलेला
कोइरोन गवताचा पिवळा झुपका.
ते गवत समुद्राच्या रस्त्यावर उगवत नाही.

झुपका काढून मी वरच्या खिशात ठेवला.
तेल बदललं.
ती बाकावर गाढ झोपली होती.